देवळावरची डिश

खारकोंडात प्रविणला सगळे मान द्यायचे, आणि नेमकं तेच त्याचं दुखणं होतं.

मान होता जावयाचा. निडीच्या भात-वाल पिकवणाऱ्या घरातला हा माणूस लग्नानंतर सहा महिन्यांतच बायकोच्या गावी, धरमतरच्या खाडीकाठी राहायला आला. सासरे नाथा अचानक गेले होते, सगुणा एकुलती एक, आणि सासू काशीबाई खाडी सोडून कुठेही यायला तयार नव्हत्या. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यानं घराला स्लॅब टाकला, दोन मुली वाढवल्या, रोह्याच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात सीनियर झाला. पण गावकीची सभा भरली की गावकरी सतरंजीवर मांडी घालून एकमेकांचे बाप काढायचे आणि प्रविणला बाजूला प्लास्टिकची खुर्ची मिळायची. त्याला चहा सगळ्यांच्या आधी मिळे, मत मात्र कुणीच विचारत नसे. घरजावयाला टोमणे मारणारी गावं असतात, खारकोंड त्यातलं नव्हतं. खारकोंड त्याला पाहुणा समजायचं, आणि एकोणीस वर्षं पाहुणा म्हणून राहणं हे टोमण्यांपेक्षा वाईट असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

चार वर्षांपूर्वी मात्र एक चावी त्याच्या हातात आली.

झालं असं की नेटची केबल टाकणारे लोक हमरस्त्यापर्यंत यायचे आणि तिथून हात जोडून परत जायचे. पुढचा रस्ता म्हणजे खाडीचा बांध. तो दर वर्षी कुठे ना कुठे फुटतो आणि घरटी एक माणूस लावून खणून बांधावा लागतो, केबल टिकणार कशी? प्रविणला घरात राउटरचे, नेटचे डबे जोडायचा नाद पहिल्यापासूनचा. रोह्याचा त्याचा मित्र निलेश आणि तो, दोघांनी मिळून डोकं लढवलं. खाडीच्या पलीकडे हमरस्त्यालगत चार मजली इमारत होती, तिच्या गच्चीवर कनेक्शन घेतलं, तिथे एक डिश लावली आणि दुसरी डिश खारकोंडातल्या बापदेवाच्या देवळावर, वीस फुटी पाइपाच्या टोकाला. मधलं अडीच किलोमीटर अंतर हवेतून. देवळामागच्या खोलीत, जिथे गावकीचे टोप आणि पराती असतात, तिथे प्रविणनं एक छोटं कपाट उभं केलं, त्यात दिवे लुकलुकणारे डबे ठेवले, आणि तिथून बेचाळीस घरांत केबल ओढली. पहिल्या दिवशी दाजींनी, म्हणजे गावकीच्या प्रमुखांनी, नातवाशी पुण्याला व्हिडिओवर बोलून झाल्यावर त्या खोलीची चावी प्रविणच्या हातात दिली. "जावयबापू, ही तुमच्याकडंच असू द्या," म्हणाले.

देवळाच्या खोलीची चावी गावाबाहेरच्या माणसाकडे जायची ती पहिलीच वेळ. प्रविणनं ती करदोट्याला बांधली. अंघोळीलासुद्धा काढत नसे. सगुणा हसायची, पण तिलाही ते कळत होतं.

आता भांडणाकडे येऊ. भांडणाचं नाव ऋतुजा.

ऋतुजा ही सगुणाची चुलत बहीण, वय सव्वीस. दिवसभर पेणच्या एका लॅबमध्ये रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन मोबाइलवर गोळ्या झाडायची. हा तिचा वेळ घालवायचा धंदा नव्हता. चौघांची टीम होती, त्यात खांब गावचा आदेश, रोह्याची पिंकी, आणखी एक मुलगा, आणि कप्तान ही. जिल्ह्याच्या फेऱ्या जिंकत जिंकत ती टीम आता अशा ठिकाणी आली होती, की येत्या रविवारी तीन वाजताचा सामना जिंकला तर पुढची फेरी मुंबईत होती. गावात अशा खेळणाऱ्यांची सहा घरं होती, आणि त्या सहाही घरांचं म्हणणं एकच होतं, संध्याकाळी पिंग उडतो.

पिंग म्हणजे आपण हाक मारली आणि पलीकडून ओ आली, यामधला वेळ. सिनेमा बघणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही, सिनेमा थोडा आधीच भरून ठेवलेला असतो. खेळणाऱ्याला मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत ओ यायला लागते. ती उशिरा आली तर तुम्ही नेम धरताय असं तुम्हाला वाटत असतं, आणि तिकडे तुमचं केव्हाच तेरावं झालेलं असतं.

'पेण-रोहा होम नेटवर्क' नावाचा फोनवरचा एक ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं. निलेश त्याचा प्रमुख, प्रविण त्यातला जाणता. ग्रुपमध्ये दोन जाती होत्या. घरात कपाटं उभी करणारे, केबलींना रंगवार चिठ्ठ्या लावणारे, पंख्याचा आवाज ऐकून डब्याची तब्येत सांगणारे. त्यांना खेळणारे लोक डबेवाले म्हणत. आणि नुसतं पिंग-पिंग करणारे. त्यांना डबेवाले म्हणत टिचकीबहाद्दर. डबेवाल्यांचं म्हणणं, आम्ही तासन्‌तास खपून व्यवस्था उभी करतो आणि ही मंडळी हरली की व्यवस्थेच्या नावानं बोटं मोडतात. टिचकीबहाद्दरांचं म्हणणं, तुमचे दिवे हिरवे आहेत, पण दिव्यांशी आम्हाला खेळायचंय का? दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

ऋतुजानं त्या ग्रुपवर लिहिलं, "भावजी, कालपण पिंग चारशे. अर्धा-पाऊण तास. बघा जरा."

प्रविणनं आपल्या कपाटातला आलेख टाकला. त्याचं यंत्र दर पाच मिनिटांनी एकदा पलीकडे हाक मारायचं आणि तासाची सरासरी काढायचं. आलेखात थोडासा उंचवटा होता, बाकी सगळं हिरवंगार. खाली त्यानं लिहिलं, "नेटवर्क निरोगी आहे. नाचता येईना अंगण वाकडं." त्यावर एकतीस जणांनी हसणारी तोंडं टाकली. त्यातली खारकोंडातली किती, हे त्यानं मोजून पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं. इथं तो चुकला. मेव्हणीची थट्टा ओसरीवर करायची असते, दोनशे माणसांत नाही.

शिवाय त्याचा एक पुरावाही होता. ही तक्रार रोज नसायची. चार-पाच दिवस बोंब, मग आठ-दहा दिवस चिडीचूप. प्रविणनं त्याचा अर्थ असा लावला, की स्पर्धा असली की हे सगळे एकदम तुटून पडतात आणि लाइन चोंदवतात. म्हणून त्यानं त्या सहा घरांचा खेळ मागच्या रांगेत टाकला, म्हणजे आधी सगळ्यांचं काम, मग यांचं. पुढच्या वेळी पिंग आणखीच उडाला. ऋतुजानं मग ग्रुप सोडला आणि सरळ दाजींचं घर गाठलं. लाइन गावाची आहे, भावजींना जमत नसेल तर पेणच्या केबलवाल्याला द्या, तो महिन्याच्या बोलीवर सांभाळायला तयार आहे.

दाजींनी रविवारी सकाळी सभा लावली.

प्रविणला हे कळलं तेव्हा त्याचा हात आपोआप करदोट्याकडे गेला. त्यानंही लेखी अर्ज दिला, की सहा घरांचा खेळ महिनाभर पूर्ण बंद ठेवावा आणि त्यांचे राउटर गावकीकडे जमा करावेत. नेट सुरळीत चाललं तर दोष कुणाचा ते गावानंच ठरवावं. अर्ज फार चांगल्या अक्षरात होता.

गुरुवारी संध्याकाळी तो नाइट शिफ्टला निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात ऋतुजा ओसरीवर आली. हातात वहीचा फाडलेला कागद.

"भावजी, मी वेळा लिवून ठेवल्यात. दोन पंधरवड्यांच्या. एकदा वाचा तरी."

"ग्रुप सोडलास, दाजींकडं गेलीस, आता कागद कशाला?" प्रविण बूट घालता घालता म्हणाला. "वेळा लिहिल्यानं काय होतं? माझ्याकडं यंत्राची नोंद आहे."

"तुमचं यंत्र पाच मिंटात एकदा डोळं उघडतं. मी सारखी बघत असते."

"तेच तर सांगतोय, तू सारखी बघत असतेस."

तिनं कागद खांबाजवळच्या बाकावर ठेवला आणि निघून गेली. रडली नाही, पण तिच्या चालण्यावरून कळत होतं. प्रविणला जरा वाईट वाटलं. जराच.

काशीबाई ओसरीच्या टोकाला विळी घेऊन निवटे, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, साफ करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय लिवलंय तिनं?"

"वेळा लिहिल्यात," प्रविण हसून म्हणाला, आणि गंमत म्हणून मोठ्यानं वाचू लागला. "शनिवार साडेसात. रविवार सव्वाआठ. सोमवार नऊ. मंगळवार पावणेदहा. बुधवारी खेळलो नाही. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात पण तेच, साडेसात, सव्वाआठ, नऊ. एवढं मन लावून अभ्यास केला असता तर—"

"दशमी, एकादस, बारस, तेरस," काशीबाई म्हणाल्या.

"काय?"

"आज पुनव. म्हंजे शनवारी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. अकराची सवाआठ. बाराची नऊ. खाडी भरायची वेळ हाय ती, जावयबापू. यात लिवून ठेवण्यासारखं काय हाय? आमच्यात पाळण्यातलं पोर सांगंल." आणि त्यांनी पुढचा निवटा उचलला.

प्रविण एक बूट पायात, एक हातात, असा उभा राहिला. एकोणीस वर्षं खाडीकाठी राहून त्याला तिथीवरून भरती मोजता येत नव्हती. कुणी शिकवली नव्हती आणि त्यानं विचारली नव्हती. निडीला जमीन ही जमीनच असते, सकाळी आणि संध्याकाळी तीच.

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला.

शुक्रवारची नाइट करून शनिवारी सकाळी तो घरी आला, दोन तास झोपला, आणि दुपारी बाराला लॅपटॉप घेऊन बांधावर जाऊन बसला. उन्हाचा, डोक्याला टॉवेल बांधून. शनिवारची द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. हे गणित त्यानं वाटेत बोटांवर करून बघितलं. यंत्राला त्यानं आज दर सेकंदाला हाक मारायला लावलं होतं.

समोर सगळा चिखल होता. पिंग बावीस, तेवीस, बावीस. साडेबाराला पाणी चिखलातल्या नाळींतून आत शिरलं. तेवीस, पंचवीस. पाऊणला चिखल दिसेनासा झाला आणि पलीकडच्या इमारतीपर्यंत पाण्याचं सपाट ताट झालं. पिंग चाळीस. मग नव्वद. मग दोनशे दहा. काही हाकांना ओच नाही. दीड वाजता आकडा तीनशे ऐंशीवर गेला आणि तिथेच राहिला. गावातलं कुणीही त्या वेळी गोळ्या झाडत नव्हतं. ऋतुजा पेणला लॅबमध्ये होती.

आता त्याला सगळं दिसलं. पलीकडून येणारी लहर सरळ डिशवर येते, आणि तीच लहर खाली पाण्यावर आपटूनही डिशवर येते. एकच निरोप दोनदा, दुसरा केसभर उशिरा, आणि दोघांची खिचडी. चिखल लहर गिळतो. पाणी परत फेकतं. त्यानं आणि निलेशनं जागा बघितली ती ओहोटीच्या वेळी. निलेशनं विचारलं होतं, मधे काय आहे? प्रविणनं सांगितलं होतं, चिखल. गावातल्या कोणत्याही म्हातारीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, चिखल दिवसातून दोनदा असतो. आणि भरती संध्याकाळच्या वेळेला यायची ती पंधरवड्यातून चार-पाचच दिवस, म्हणून बोंबही तेवढेच दिवस. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते त्यानंच घातलं होतं.

त्याला लाज वाटली. नुसती चुकीची नाही. चुका कंपनीत होतात, दुरुस्त होतात. त्या एकतीस हसणाऱ्या तोंडांची लाज वाटली.

त्यानं निलेशला फोन लावला. निलेश म्हणाला, "अरे हो रे. पाण्यावरून नेताना काळजी घ्यायची असते. वाचलं होतं कुठंतरी."

"आता काय करू?"

"डिश खाली घे. बांधाच्या आड येईल इतकी खाली. पाणी दिसलं नाही पाहिजे, पलीकडची गच्ची दिसली पाहिजे, बस. तासाभराचं काम."

"ते कळलं. उद्या सभा आहे."

"मग सभेचं काय? सभेत अर्ज पास करून घे. महिनाभर त्यांचा खेळ बंद. तू आज-उद्यात गुपचूप डिश उतरव. महिन्यानंतर सगळं सुरळीत. कोण विचारतंय? आणि ऐक, त्या पिंगवाल्यांपुढं एकदा मान तुकवलीस ना, ग्रुपमध्ये आपल्याला जगू देणार नाहीत. रोज एकेक कागद घेऊन येतील."

प्रविणनं फोन ठेवला. निलेश वाईट सांगत नव्हता, सोपं सांगत होता. डिशसुद्धा उतरवायची गरज नव्हती म्हणा. भरती आता दुपारवर आलीच होती, संध्याकाळी आठवडाभर पिंग आपोआप शहाण्यासारखा वागणार, आणि गाव म्हणणार, बघा, खेळ बंद केल्यावर कसं नीट झालं. खाडी स्वतःच त्याच्या बाजूनं साक्ष देणार होती. आणि खरं सांगितलं तर? सांगितलं तर गावाला आयतं कळणार, की बाहेरचा माणूस तो बाहेरचाच, याला खाडी कळत नाही. चावी जाणार. ती गेली की पुढची एकोणीस वर्षंही खुर्चीच.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सगुणानं विचारलं, तर म्हणाला, ऊन लागलं.

रविवारी देवळासमोर सतरंजी पडली. पंचवीस-तीस माणसं, बायका एका बाजूला, काशीबाई त्यांच्यात पुढे. ऋतुजा खांबाला टेकून उभी होती. दाजींनी अर्ज वाचून घेतला, चष्मा काढला आणि म्हणाले, "जावयबापूंनी लिवलंय म्हंजे इचार करूनच लिवलंय. महिनाभर खेळ बंद. कुणाचं काय म्हणणं?"

"माझं हाय," ऋतुजा म्हणाली. "आज तीन वाजता माझा सामना हाय. आणि मी खोटं बोलत नाय. लाइनीतच दोष हाय."

"गो, जावयासमोर असं बोलतात?" दाजी दटावून म्हणाले. "घरचा पाव्हणा हाय तो. त्यानं सांगितलं, आपण ऐकलं, संपलं. ठेव तुझा डबा इथं."

ऋतुजानं पिशवीतून आपल्या घरचा राउटर काढला. केबल नीट गुंडाळलेली होती. तिला बहुधा निकाल आधीच माहीत होता. तिनं तो सतरंजीच्या कडेला ठेवला.

प्रविणला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. त्याला इतके दिवस वाटत होतं, की गाव आपलं ऐकतं ते आपल्याला नेटमधलं कळतं म्हणून. गाव ऐकत होतं ते पाहुण्याला खोटं पाडायचं नसतं म्हणून. तो म्हणाला असता की खाडी उलटी वाहते, तरी दाजी म्हणाले असते, व्हय, वाहत असंल. असल्या मानानं चावी राहिली काय आणि गेली काय?

तो खुर्चीवरून उठला.

"दाजी, अर्ज मागं घेतो. ती खरं बोलतेय. दोष माझा आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. चिखलाचं, पाण्याचं, दोनदा येणाऱ्या निरोपाचं, काशीबाईंच्या पाऊणपटीचं. शनिवारीच कळलं होतं आणि सांगू की नको असा विचार केला होता, हेही सांगितलं. ते सांगायची खरं तर गरज नव्हती. पण सांगायला लागल्यावर मधेच थांबता येईना. शेवटी ऋतुजाकडे वळून म्हणाला, "ग्रुपवर मी जे लिहिलं, त्याची माफी मी तिथंच मागीन. इथंपण मागतो."

मागून एक म्हातारा खोकत हसला. "भरती इचारली नाय व्हय? कमाल हाय." आणि बऱ्याच जणांनी हसून घेतलं.

गोविंदा म्हणून गावकीतला एक कारभारी होता, मिठागरावर मुकादमी केलेला, प्रत्येक गोष्टीची रीत सांगणारा. तो म्हणाला, "आता हे मिटवायचं कसं? दुसरा कुणी असता, तर गावकीनं दंड लावला असता. चूक केली, वर अर्ज दिला, सहा घरांवर आळ घेतला. तीन दिवस बांधावर घमेलं, आणि देवाला नारळ. पण जावयाला दंड लागत नाय. आजवर गावानं लावला नाय. तेव्हा माझं म्हणणं, टॉवेल-टोपी-नारळ द्यावा, चार वर्षं सेवा केली म्हणून आभार मानावं, आणि चावी मानानं परत घ्यावी. पेणचा माणूस बघंल पुढचं."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मानानं परत घ्यावी. करदोट्याला बांधलेली चावी त्याला एकाएकी जड लागायला लागली.

"पेणचा माणूसबी ओहोटीलाच येईल," ऋतुजा खांबाजवळून म्हणाली. "वरच्या वर बघंल आणि जाईल. भावजींना निदान आता कळलंय."

"मग काय करायचं म्हनतेस? जावयाला दंड लावायचा?"

उत्तर काशीबाईंनी दिलं. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"नाथाच्या घरचा बाप्या माणूस बांधावर एकोणीस वर्षं गेला नाय. मी जाते घमेलं घेऊन, ते गावाला चालतं. जावयाला नको म्हनता. मीबी नकोच म्हनत आले, चूक माझीबी हाय. पण कोणता जावई एकोणीस वर्षं सासरी ऱ्हातो? माझ्या घरात आता बाप्या म्हंजे हाच. लावा दंड. घर माझं हाय, मी सांगते."

दाजी कितीतरी वेळ चष्म्याची काडी चावत बसले. मग त्यांनी प्रविणकडे बघितलं. आणि 'जावयबापू' न म्हणता, चार वर्षांत काय एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, नुसत्या नावानं हाक मारली.

"प्रविण, ऐक. तीन दिवस बांधावर. घमेलं-फावडं तुझं. उशिरा आलास तर चौथा दिवस. देवाला नारळ. आणि ती डिश आज दुपारच्या आत खाली घे, पोरीचा सामना हाय. चावी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुन्हा असं केलंस तर पाच दिवस."

"बरं," प्रविण म्हणाला.

पाइप उतरवायला चारजण आले, न बोलावता. एकानं त्याला शिवी दिली, पाना नीट धर म्हणून. डिश देवळाच्या मागच्या भिंतीला, छातीइतक्या उंचीवर बसवली. तिथून बांधावरून पलीकडची गच्ची तेवढी दिसत होती आणि पाणी अजिबात दिसत नव्हतं. सव्वादोनला खाडी तुडुंब भरली. ऋतुजा मोबाइलवर आकडे वाचत होती. बावीस, तेवीस, बावीस, चोवीस. तीन वाजता ती घरात गेली. साडेचारला बाहेर आली आणि म्हणाली, "हरलो. पाच गुणांनी." मग म्हणाली, "पण आमीच हरलो. नेटचं नाव घ्यायला जागा नाय." आणि प्रविणच्या समोर बसून तिनं काशीबाईंच्या हातचे तळलेले निवटे खाल्ले, रागारागानं.

ग्रुपवर प्रविणनं माफी लिहिली, कारणासकट. निलेशनं त्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं खाली एक ओळ लिहिली, की यापुढे कुणी डिश लावणार असेल तर आधी गावातल्या माणसाला विचारावं. ऋतुजा ग्रुपमध्ये परत आली आणि आल्या आल्या तिनं नवी तक्रार टाकली.

त्याच्या आधी, सोमवारी सकाळी, प्रविणनं कंपनीत साहेबांना फोन केला.

"साहेब, तीन दिवस रजा हवी होती."

"काय झालं? घरी सगळं ठीक?"

"हो हो, ठीक. गावानं दंड लावलाय मला," प्रविण म्हणाला. "बांधावर मातीकाम आहे."

साहेब सावधपणे म्हणाले, "प्रविण, तुम्ही तर असं सांगताय, की मला वाटलं पेढे देणार आहात."

"देईन ना," प्रविण म्हणाला, आणि फोन ठेवून घमेलं शोधायला मागच्या दारी गेला. उशीर करून चालणार नव्हतं.